किल्ली आत्याकडेच होती

आमच्या घरात आत्याच्या फ्लॅटचा विषय निघाला की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. लग्नकार्यात कुणी विचारलंच, "तुमच्या वन्सं हल्ली कुणाला घरी बोलवत नाहीत का हो?", तर आई चटकन म्हणायची, "त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे ना." घरी न बोलावण्याचा गुडघ्यांशी काय संबंध, हे कुणी पुढे विचारलं नाही. पुण्यात लोक विचारत नाहीत, लक्षात ठेवतात.

सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. पगारातून पैसे बाजूला टाकून तिने हा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतला, तोही बायकांच्या नावावर घर असणं नवलाचं होतं त्या काळात. माझ्या लहानपणी ते घर नुसतं भरलेलं होतं. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या फरशीला चिकटवून वाळत घातलेल्या, श्रीखंडाचे डबे एकात एक बसवलेले, भेटवस्तूंचे कागद गादीखाली इस्त्रीला. प्रत्येक मराठी घरात असतं तेच, थोडं जास्त. पिशव्यांची पिशवी कुणाकडे नसते? "असू दे, लागेल" हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो.

पण भरलेलं घर आणि भरून गेलेलं घर ह्यात फरक असतो. आत्या निवृत्त झाली 2013 मध्ये. त्यानंतर कधीतरी तिचं दार पूर्ण उघडेनासं झालं. आधी पाहुण्यांची खोली गेली, मग पलंगाची अर्धी बाजू, मग मोरीतला नळ. ती उरलेल्या अर्ध्या पलंगावर कुशीवर झोपायची. हे मला कळलं तेही उशिरा, कारण ती आम्हाला जिन्यातच भेटायची, पर्स खांद्याला लावून, जणू बाहेर निघालीच आहे.

2019 च्या पावसाळ्यात ती ओल्या जिन्यावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अठरा दिवस इस्पितळात. किल्ली तिने माझ्याकडे दिली होती, बँकेचं पासबुक आणि दोन गाऊन आणण्यासाठी. आणि मी ती माझ्या चुलतभावांना दिली.

आमचा हेतू वाईट नव्हता, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. वॉकर घेऊन ती त्या घरात चालणार कशी? डॉक्टरांनीच सांगितलं होतं, वाट मोकळी हवी. आम्ही घरं लख्ख करून देणाऱ्या एका कंपनीला बोलावलं. चौरस फुटावर दर, सहा पोरं, तोंडाला मास्क. तीन दिवसांत छोट्या हत्तीच्या सात फेऱ्या झाल्या. गोण्याच्या गोण्या उघडून न बघता गेल्या. भिंती दिसल्या, फरशी दिसली, खिडकीतून प्रकाश आला. आम्ही चौघांनी त्या मोकळ्या खोलीत बसून चहा घेतला आणि एकमेकांची पाठ थोपटली. पुढे कळलं, की त्या कंपनीच्या पोरांनी 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो काढून जाहिरातीला लावले होते. एका फोटोत दारावरची पाटी दिसत होती. आत्याचं आडनाव, म्हणजे आमचंच. सोसायटीतल्या कुणीतरी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडल्याची चित्रं आली.

आत्या घरी आली तेव्हा ओरडली नाही, रडली नाही. दारातच उभी राहिली आणि बराच वेळ आत बघत राहिली, चुकून दुसऱ्याच मजल्यावर आल्यासारखी. मग म्हणाली, "माझी किल्ली." मी दिली. दुसऱ्या आठवड्यात तिने कुलूप बदललं. पुढचे चौदा महिने तिने आमच्यापैकी कुणालाही उंबरा ओलांडू दिला नाही. टाळेबंदीत मी किराणा दाराबाहेर ठेवायचे, बेल वाजवून दोन पायऱ्या खाली उतरायचे. दार फटीएवढं उघडायचं. आणि त्या फटीतून मला दिसायचं, की घर पुन्हा भरतंय. ह्या वेळी जास्त वेगाने, जास्त उंच.

ह्याला मराठीत काय म्हणायचं, हाच मुळात प्रश्न. इंग्रजीत होर्डिंग म्हणतात, पण आपल्याकडे होर्डिंग म्हणजे चौकातला जाहिरातीचा फलक. वर्तमानपत्री शब्द साठेबाजी, म्हणजे कांद्याचे व्यापारी आणि छापे. आत्याला साठेबाज म्हटलं असतं तर तिने काठी उगारली असती. आपल्या भाषेत तीन क्रियापदं मात्र चांगली आहेत. लोणचं साठवतात, नाणी जमवतात, पाणी साचतं. साठवण्याला हिशोब असतो, जमवण्याला हौस असते. साचण्याला कर्ताच नसतो. आत्याच्या घरात साचलं होतं.

जमवणं काय असतं हे मला तिनेच दाखवलं होतं. मी चौथीत असताना ती मला शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात घेऊन गेली होती. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून गोळा केलेले अडकित्ते, दिवे, वज्र्या, करंडे, सुमारे 20 हजार वस्तू, आणि त्या सगळ्याला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव. "बघ, ह्यांना कुणी नावं ठेवली नाहीत," असं आत्या तेव्हा म्हणाली होती. मला वाटलं होतं ती अडकित्त्यांबद्दल बोलतेय.

2021 मध्ये मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले, एकटीच, कारण आत्या येणार नव्हती. तोवर मला हा आळस, हट्ट किंवा म्हातारपण वाटत होतं. बाईंनी सांगितलं, की हा स्वतंत्र आजार मानला जातो. अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकात, डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत, 2013 पासून त्याची वेगळी नोंद आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही आहे. परदेशातल्या पाहण्यांत शंभरामागे दोन-तीन माणसं निघतात. सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते, वय वाढतं तसा तो वाढतो, म्हणून डोळ्यांवर येतो तो साठीनंतर. दुखणं वस्तू आणण्याचं जितकं, त्याहून जास्त वस्तू सोडण्याच्या निर्णयाचं. तुम्हा-आम्हाला जुनी पावती फाडायला अर्धा सेकंद लागतो. अशा माणसाला तिथे खरोखरीचा त्रास होतो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला लागली. निदानाच्या निकषांत लिहिलंय, की घर मोकळं दिसत असेल पण ते दुसऱ्यांनी आवरल्यामुळे, तर आजार गेला असं धरायचं नाही. आम्ही ज्या मोकळ्या खोलीत चहा प्यायलो तिची ह्या पुस्तकाला आधीच कल्पना होती.

मी त्यांना पुराची गोष्ट सांगितली. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचंही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमचं घर नारायण पेठेत होतं. आत्या आठ वर्षांची. आजीने दोघा मुलांना हाताला धरून बाहेर काढलं आणि परत आले तेव्हा घरात फक्त चिखल होता. सगळा संसार वाहून गेला. मग ती पुढे काहीच सोडेना, नाही का? मला ही कारणमीमांसा फार आवडली होती. बाई म्हणाल्या, "शक्य आहे. मोठी हानी झालेल्यांत हे दिसतं. पण तुमचे वडीलही त्याच पुरात होते ना?" बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. आणि बाबा म्हणजे वाचून झालेलं वर्तमानपत्र संध्याकाळी रद्दीत, दर दिवाळीला माळा रिकामा. एकच पूर, दोन मुलं. मी गोष्ट मिटवून ठेवली. पुढे कुणी आत्याबद्दल "पुरामुळे हो बिचारी" म्हणालं की मी गप्प बसते.

2023 च्या दिवाळीनंतर सोसायटीची पुनर्विकासाची नोटीस आली. मेअखेर घरं रिकामी करायची. आत्याच्या मजल्यावरच्या दोन्ही घरांनी आनंदाने सामान बांधायला काढलं. आत्याने मला फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा, तिने. म्हणाली, "तू ये. एकटी ये. आणि हात खिशात ठेवून ये."

हात खिशात ठेवून. पहिले तीन आठवडे मी खरंच तेवढंच केलं. मंगळवारी आणि शनिवारी दहा ते बारा, घड्याळ लावून. बाराच्या ठोक्याला थांबायचं, हातात काही असलं तरी. दुसऱ्या खेपेला मी बाईंनी दिलेला चित्रांचा संच नेला. स्वयंपाकघर, झोपायची खोली, बैठकीची खोली, प्रत्येकीची नऊ छायाचित्रं, अगदी मोकळ्यापासून छतापर्यंत भरलेल्यापर्यंत. कुणी कुणाला पसारा म्हणायचा नाही, फक्त आकड्यावर बोट ठेवायचं. माझ्या मनात आठ होता. आत्याने चारवर बोट ठेवलं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने बोट आपणहून सहावर गेलं. आकडा माझा की तिचा बरोबर, हा वाद घालायला मी आले असते तर ते बोट तिथेच राहिलं असतं.

सुरुवात आठवणींपासून करायची नसते, हे मी तिथे शिकले. फोटो, पत्रं, आजीची पैठणी सगळ्यात शेवटी. आधी जिवाचं. गॅसच्या शेगडीला टेकून वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. आत्यालाही त्याची भीती वाटत होती, पण कुणाला सांगणार? तिने स्वतः ओट्याभोवती हातभर जागा मोकळी केली. मग मीटरच्या पेटीसमोर, मग दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून संडासापर्यंत वॉकर जाईल एवढी वाट. ह्यात काहीही घराबाहेर गेलं नाही, फक्त इकडचं तिकडे झालं. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "महिन्यात एक गोणी नाही गेली? मेपर्यंत काय करणार?" मी म्हटलं, "तू तीन दिवसांत सात टेम्पो काढले होतेस." तो गप्प झाला. मी पण टेम्पोत होतेच, ते त्याने बोलून दाखवलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

मग खरा प्रश्न उभा राहिला. गोण्या खाली न्यायच्या कशा? चार बिऱ्हाडांचे डोळे जिन्यावर. आत्याची सगळ्यात मोठी धास्ती हीच होती, की पुन्हा फोटो निघेल. म्हणून पहिला नियम तिचा : फोन दारातल्या खुर्चीवर ठेवायचा, माझासुद्धा. दुसराही तिचाच : लोकांना काय सांगायचं ते ती ठरवणार. तिने ठरवलं, "कागदपत्रं लावतेय." घर सोडायचं म्हटल्यावर कागदपत्रं सगळेच लावत होते. त्यात खोटं काही नव्हतं आणि उघडंही काही नव्हतं. मला आधी ही लपवाछपवी वाटली. मग लक्षात आलं, की आपल्या घरी कुणाची शस्त्रक्रिया असली तर आपण जिन्यात उभं राहून वर्णन करत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेसुद्धा रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. नातेवाइकांच्या ग्रुपला मात्र कुठलाच कायदा लागू होत नाही.

मदतीला बाहेरचं माणूस हवंच होतं. आत्याने नाव सुचवलं ते ऐकून मी चकित झाले. आत्याच्या इमारतीचा कचरा रोज 'स्वच्छ' संस्थेच्या एक ताई न्यायच्या. पुण्यातल्या कचरावेचकांची ही सहकारी संस्था, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली. ताई पहिल्या दिवशी आत आल्या, कमरेवर हात ठेवून सभोवार नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं आजी. सगळ्या घरांतून रोज बादली येती. तुमच्याकडनं धा वर्षं कचराच येत न्हाई." मी विचारलं, "मग तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला चुलतभावांना किल्ली दिल्याचा दिवस आठवला. "कुणाच्या बादलीत काय आसतं ते बोलत सुटले, तर मला दारात कोन उभं करंल?"

पांढऱ्या, घट्ट बांधलेल्या गोण्या, रोजच्या वेळेला, रोजच्या ढकलगाडीतून, एका खेपेला दोन. बस्स. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनीही कागदपत्रंच म्हटलं. कागद, पुठ्ठा, पत्रा, प्लॅस्टिक ताई जागच्या जागी वेगळं करायच्या आणि रद्दीचं वजन आत्याला ताणकाट्यावर दाखवायच्या. आत्याला ते वजन फार आवडायचं. वहीत लिहून ठेवायची. शेवटी बेरीज 1,140 किलो झाली, ती तिने दोनदा तपासली.

मधल्या काळात अडलं नाही असं नाही. जानेवारीत एका वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यावर चाळीस मिनिटं गेली, कारण त्यात कुठेतरी मधुमेहावरचा लेख होता. मी वैतागून म्हटलं, "अगं, टाक ना हे!" आत्याने गठ्ठा खाली ठेवला. "टाक म्हणू नकोस," ती म्हणाली. "माझ्या बरोबरच्या एका बाईला नवऱ्याने टाकली होती. सगळं एक्स्चेंज तिला तेच म्हणायचं, टाकलेली. मला टाकणं नाही जमत. देणं जमतं." त्या दिवसापासून मी एकच प्रश्न बदलला. "टाकू का?" ऐवजी "हे कुणाकडे जावं?" डिक्शनऱ्या अभ्यासिकेला. वह्यांची कोरी पानं ताईंच्या नातीला, आत्याने स्वतः शिवून. मुदत संपलेल्या गोळ्यांना कुणी घेणारं नव्हतं, त्या गेल्या, पण त्यावर तिने फारसा वाद घातला नाही.

साड्यांची बोचकी बोहारणीला द्यायची ठरली आणि तिथे आमची चांगलीच फजिती झाली. सव्वीस साड्या गेल्या आणि मोबदल्यात स्टीलचं मोठं पातेलं घरात आलं. आत्याचा चेहरा उजळला. मानसोपचारतज्ज्ञ बाई फोनवर हसून म्हणाल्या, आत येणारी वाट बंद नाही केली तर बाहेर काढण्याला अर्थ नाही. (तोवर आत्या त्यांच्याशी फोनवर बोलायला लागली होती, महिन्यातून दोनदा. ह्या आजाराचं असं खास औषध नाही. बोलून, सराव करूनच जमतं.) सराव म्हणजे काय, तर मी आणि आत्या तुळशीबागेतून एक चक्कर मारून काहीही न घेता परत यायचो. मी दोनदा नापास झाले. ती एकदाही नाही.

प्रत्येक पाकीट, प्रत्येक डबा उघडून बघायचा हा माझा हट्ट होता, 2019 चं प्रायश्चित्त म्हणा. बोर्नव्हिटाच्या डब्यात जुन्या हजाराच्या सात नोटा निघाल्या, 2016 च्या नोव्हेंबरातच मेलेल्या. पोस्टाची दोन बचतपत्रं निघाली, मुदत कधीच उलटलेली. त्याचे पैसे चार हेलपाट्यांनंतर मिळाले. तेव्हा मनात आलं, त्या सात टेम्पोंत काय काय गेलं असेल? आत्याने ते मला कधी विचारलं नाही. एकदाच, एका डब्याशी खटपट करताना म्हणाली, "ह्याचं झाकण होतं." बस्स.

कालनिर्णयं मात्र मी तिला सोडायला लावणार होते. 1979 पासूनची सगळी, एकही साल न चुकता. भिंतीवरचं कॅलेंडर संपल्यावर त्याचा उपयोग काय? आत्याने एक उघडून पुढे केलं. चौकोनाचौकोनांत बारीक अक्षर. दूध दीड लिटर. रात्रपाळी. बाई आली नाही. माझ्या जन्मतारखेच्या चौकोनात लिहिलं होतं, "गॅस आला. दादाला मुलगी." आधी गॅस. ती सगळी कालनिर्णयं मी स्वतः दोन खोक्यांत भरली आणि वर 'न्यायचं' असं लिहिलं.

एप्रिलमध्ये बाबा आले. सत्तरी उलटलेले, काहीही जवळ न ठेवणारे बाबा. त्यांना मी भीत होते, कारण "किती हा पसारा" एवढं वाक्य पुरेसं होतं. ते स्वयंपाकघरात गेले, फडताळातलं पितळी कुलूप उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "हे नारायण पेठेतलं," म्हणाले. "दाराला तसंच लटकत होतं. घर गेलं, कुलूप राहिलं." आत्या म्हणाली, "तू तेव्हा फेकून दे म्हणाला होतास." बाबांनी ते खिशात टाकलं. परत द्यायला विसरले, असं नंतर सांगत होते.

सगळं घर काही रिकामं झालं नाही. मे महिना उजाडला तेव्हा बैठकीची खोली तीनवर होती, झोपायची चारवर. एकोणचाळीस खोकी भाड्याच्या घरी गेली, त्यांतली निम्मी अजून तशीच आहेत. तिथल्या फरशीवर परवा मला दुधाच्या पिशव्या वाळताना दिसल्या. मोजल्या नाहीत.

घराचा ताबा द्यायच्या दिवशी बिल्डरचा माणूस अकराला येणार होता. आत्या नवाला जाऊन बसली. मोकळ्या खोलीत मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारी वॉकर. ह्या वेळी खोली मोकळी होती ती तिने केलेली. माणूस आला, सह्या झाल्या. तिने उठून स्वतः खिडक्या लावल्या, दिव्याची बटणं बंद केली, दाराला कुलूप घातलं. मग जुडग्यातून किल्ली सोडवायला लागली. नख लागेना, तो माणूस म्हणाला, "आजी, राहू द्या, तसंच द्या." तिने ऐकलं नाही. दोन मिनिटं लागली. किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि कडी पर्समध्ये टाकली.

"लागेल," ती मला म्हणाली.